सदतीस अंश

निपाणीच्या वखारीतून आणलेली तंबाखू
आता चमचाभर अर्क.
गालाच्या पेशी सदतीस अंशांत, गुलाबी पाण्यात,
तळाला बिलगून.

थेंब सोडते. चोवीस तास थांबते.
मेलेली पेशी निळी होते,
जिवंत निळं आत घेत नाही.
एकशे बारा, एकशे तेरा…

बेळगावात लाइट गेली. जनरेटर लावून
बसगोंडा दारातून:
"सत्तवेन्री, मॅडम?"
"अर्ध्या," म्हणते मी. त्याला कळतं.
अर्ध्या मरतात तोच आकडा
आम्हाला हवा असतो.

शेवंताआत्या, तीस वर्षं विड्या वळलेली,
फोनवर विचारते, त्यांना खायला काय घालतेस?
वासराच्या रक्तातलं पाणी, म्हटलं.
गप्प झाली. मग खोकली,
खूप वेळ.

माझ्या हातातला काउंटर
मी उगाच दाबत राहिले.