उणे चोवीस

फ्रीझरच्या झाकणावर ताइस्तोची चिठ्ठी:
एका वेळी एकच वडी. गरम पाणी नको.
टाकीतलंच पाणी कपात घे, त्यात विरघळू दे.
लाल पाणी गाळून टाक, मग घाल.
एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही.
रविवारी उपास.
आणि खाली, वेगळ्या पेनानं:
मटार उजवीकडे आहेत.

(माझा चष्मा कधीच जागेवर नसतो,
हे त्याला ठाऊक आहे.)

सोमवारी त्याला औलूला नेलं,
छाती उघडली, पुन्हा शिवली.
शुद्धीवर आल्यावर पहिला फोन:
"खाल्लं का?"
हो, म्हटलं, बटाट्याचं सूप.
"तू नाही गं."

तर मी वडी कपात टाकते.
पोस्टाच्या तिकिटाएवढा लालभडक बर्फ,
आणि त्यातून एकेक अळी सुटी होते,
गुंता सुटावा तशी, घाई न करता.
बाईसाहेब काचेशी येऊन उभ्या.
एंजल जातीच्या, वय वर्षं नऊ,
एक पंख फाटका, नजर मुख्याध्यापिकेची.
खाली वाळूत कोरीडोरासांची पोरं
मिशा आपटत वाट बघतात
वरून काय सांडेल त्याची.

शुक्रवारी रात्री वादळानं तारा तोडल्या.
अख्खं केमी काळं. टाकीही काळी,
आणि पंपाचा आवाज थांबला तेव्हा कळलं
की इतकी वर्षं तो आवाज होता.
मी चुलीत बर्चची लाकडं सारली,
पाणी तापवलं, बाटल्या भरल्या,
त्या टाकीत तरंगत सोडल्या,
वर लग्नातली रजई पांघरली.
ताइस्तोला कधी इतकं गुंडाळलं नव्हतं.

मग आठवला फ्रीझर.
एकदा वितळलेलं पुन्हा नाही.
मी दार उघडलं: बाहेर उणे चोवीस.
आणि मी हसले, एकटीच, अंधारात.
सगळी पाकिटं नेऊन मागच्या पायरीवर ठेवली,
बर्फाच्या कुशीत. मटारसुद्धा.

सकाळी दिवे आले, दहा वाजता उजाडलं,
आणि पायरीवर हराक्का बसलेली:
काळीपांढरी, लांब शेपटीची,
कावळ्याची मावसबहीण.
पाकिटं फाडलेली, बर्फावर लाल ठिपके,
कुणी मोहोर उठवावी तसे.
अळ्यांची एक वडी शिल्लक नाही.
मटार मात्र जसेच्या तसे.
मी ओरडले. ती एक पायरी खाली उतरली,
माझा मान राखायला.

कपाटात मागे एक डबी होती,
वाळवलेल्या अळ्यांची, पिसासारखी हलकी.
चिठ्ठीत तिच्याबद्दल अक्षर नाही.
पण मी कागद गिरणीत एकतीस वर्षं काढली.
वाळलेली वस्तू पाण्याशी आधी भांडते,
वर तरंगते, ऐकत नाही,
मग मुकाट्यानं पिते आणि फुगते.
ते फुगणं कपात व्हावं, पोटात नव्हे.
म्हणून दहा मिनिटं भिजवली,
बोटानं दाबून बुडवली,
बुडबुडे संपेपर्यंत.

बाईसाहेबांनी एक तोंडात घेतली.
थुंकली.
पुन्हा घेतली.

संध्याकाळी फोन. आवाज पातळ,
सूप पाण्यानं वाढवल्यासारखा.
"वीज गेली होती म्हणे. काही वितळलं का?"
"नाही," मी म्हणाले. "एकही वडी वितळली नाही."
देवाशपथ, यात खोटं काहीच नव्हतं.
तो बराच वेळ श्वास घेत राहिला.
मग म्हणाला, "उद्या रविवार."
"उपास," मी म्हटलं.
"निर्जळी नको हं," तो म्हणाला,
आणि हसला, आणि टाके दुखले,
आणि तरी हसला.

आज रविवार.
टाकीत सगळे काचेशी येऊन उभे,
माझ्याकडे बघतात, मी पेपरकडे.
मागच्या पायरीवर ती आलीये,
मान वाकडी करून, अगदी वेळेवर.
उपास आहे आज, मी काचेआडून सांगते.

ती जात नाही.
मी मटारांचं पाकीट शोधते.
उजवीकडे.