बारीक दाणा

ऑर्व्हिलला कवळी बसली त्या हिवाळ्यात
लोएटानं मोठा पिवळा मका कोंबड्यांना घातला
आणि शेजारच्या अमिश बाईकडून आणला
हा तांदळाएवढा, टोकदार, पांढरा.
"याला टरफल नसतं म्हणे."
"असतं," ऑर्व्हिल म्हणाला, "फक्त लाजतं."

जाड बुडाचं पातेलं. तेलात आधी तीनच दाणे;
तिसरा फुटेस्तोवर दोघं गप्प,
बाहेर आयोवाभर बर्फ.
मग मूठभर. झाकण जरा तिरकं, वाफेला वाट,
आणि तडतड अशी
की कुत्रं टेबलाखाली गेलं.

लाह्या इवल्या. वाडगा निम्माच भरला.
त्यानं एक जिभेवर ठेवली, थांबला,
कवळी काढून शर्टाच्या खिशात टाकली
आणि वाडगा स्वतःकडे ओढला.

मीठ राहिलंच होतं.
बरणी तिच्या हाताशी होती,
तिनं उचलली नाही.