हार : नग सतरा

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी
सातपूरच्या मैदानावर फक्की मारली,
तेव्हा गवतावर चुन्यापेक्षा दवच जास्त पांढरं होतं.
बोरस्ते सरांनी पुठ्ठ्यावर आठ नावं लिहिली :
ओझर, भगूर, सिन्नर, पेठ,
देवळाली कॅम्प, शरणपूर, नोटप्रेस, आणि आम्ही.
रेघेला रेघ जोडत उजवीकडे गेले
आणि टोकाला एकच जागा रिकामी ठेवली.
लाल पेन माझ्या हातात दिलं.
"खैरनारबाई, हरला की खोडायचा.
साखळी नाही, बाद पद्धत आहे."

बघे विचारत, चेंडू असा का चेपलाय?
कोणी म्हणे पपई. कोणी म्हणे नारळ, सोलायचा राहिलेला.
एक निवृत्त फिटर बराच वेळ पाहून म्हणाले,
"पळायचं पुढं, मग पोरं मागं का देतात?"
नियमच तसा आहे, काका.
"हां. म्हणजे पाळी बदलल्यासारखं.
मागून येईल त्याच्या हातात मशीन द्यायचं.
चौतीस वर्षं केलंय."

भगूर खोडलं.
भगूरची पोरं स्टँडवर रस पीत बसली होती,
गुडघ्यांवरची माती वाळत होती,
बस लागली तरी कोणी उठेना.
सिन्नर खोडलं. ते बाराच जण आले होते,
तेराव्याची पहिली पाळी सुटली नव्हती.
आम्हाला खोडताना
पेन चालेना, मी झटकलं,
शाई सरांच्या बाहीवर उडाली. ते काही बोलले नाहीत.

जानेवारीत निफाडला पारा उतरला
तशी माझी बोटं आकडे वाकडे काढू लागली.
त्या थंडीत पेठचा तुळशीराम गावित
अनवाणी पळायचा,
अंगाला चौघं लोंबकळत असताना.
सहा वेळा पाडलं की चेंडू समोरच्याला द्यायचा.
पाच वेळा तो उठला.
सहाव्यांदा त्यानं चेंडू मातीत ठेवला,
शेजारणीचं उसनं भांडं परत करावं
तसा, पुसून.

अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री
मी खर्चाच्या वहीत लिहिलं :
हार, झेंडूचे, नग सतरा, दर चाळीस.
आणि पुठ्ठ्याकडे लक्ष गेलं.
आठ संघ. सात सामने.
इथे आलेला प्रत्येक जण आपापली हार घेऊनच घरी जातो.
एकच संघ असा, ज्याला ती मिळत नाही,
त्याच्यासाठी मग
पंचवटीतून विकत आणावे लागतात.

शरणपूर बारा, पेठ दहा.
फटाके, फोटो, झेंडूच्या पाकळ्या चिखलात.
मी टेबल आवरत होते.
तुळशीराम आला, ओठ सुजलेला.
"बाई, तो पुठ्ठा टाकणार असाल तर द्या."
कशाला रे?
त्यानं बोट ठेवलं :
पेठ, मग पुन्हा पेठ, मग पुन्हा पेठ.
"एवढं उजवीकडं आमचं नाव कधी गेलं नव्हतं."

शेवटचं पेठ खोडायचं राहिलं होतं.
मी पेनाला टोपण लावलं.

त्यांच्या जीपची मागची काच फुटलेली होती.
तिथे त्यांनी पुठ्ठा बसवला, नावं आतल्या बाजूला,
सावळघाटाचा वारा लागू नये म्हणून.