उसनी कात्री

ओरिआना झाकणाचा डबा देऊन गेली.
वर नाव नाही, नुसता आकडा: सतरा.
सकाळचं पहिलं, म्हणाली, आणि बर्फात ठेवा.
बर्फ घरात एकाच जागी, रोसामेलच्या पेटीत.
तर मंगळवारी माझं परसाकडचं
आणि माझ्या भावाची मासळी
एकाच पेटीतून तेमुकोला गेली.
वाटभर हसत होता मेला.
मासे मात्र सगळे खपले.

आठव्या वर्षापासून मी हा समुद्र कापते.
ओहोटीला खडकावर, कंबरभर फेसात,
देठाशी कोयत्याचा एक घाव
आणि कोचायुयो चाबकासारखा हातावर येतो.
वाळूवर पसरायचा, मधाच्या रंगाचा झाला
की जुड्या बांधून बैलगाडीत रचायचा.
दात येताना त्याचाच तुकडा चघळत होते मी,
आणि माझ्यानंतर माझी इल्दा.
शाळेत मुली नाक धरायच्या:
आल्या शेवाळ खाणाऱ्या.
तेव्हापासून ही गोष्ट मी पोटातच ठेवली.

आता ओरिआना ती पोटातूनच काढायला आली.

पिठाच्या परातीत बोटाने काढून दाखवलं तिनं:
हे अल्जिनेट. साखरेच्याच जातीची साखळी,
पण अशी विणलेली
की माणसाच्या पोटाला तिची गाठ सुटत नाही.
म्हटलं, मग आम्ही काय पिढ्यान् पिढ्या
दोरखंड गिळत होतो?
थांबा, म्हणाली. खाली वस्ती आहे,
काळोखात, हवेवाचून राहणारी.
त्यातल्या कुणीतरी, कधीतरी,
कच्च्या देठावर बसून आलेल्या
समुद्राकडच्या पाहुण्याकडून
एक कात्री उसनी घेतली
आणि परत केलीच नाही.
तिनं ते साखळी कातरतात, खातात,
आणि भाडं म्हणून आतड्याच्या भिंतीला
आंबटसर सारवण घालतात.
भिंत धड असली की रक्तातली साखर
ताळ्यावर येते. कदाचित.
‘कदाचित’ तिनं दोनदा म्हटलं.

मी तिला मधली नऊ वर्षं सांगितली नव्हती.
तेमुकोची बेकरी, रात्रपाळी,
पांढरा पाव आणि लाल सरबत.
परत आले तेव्हा पायांना मुंग्या
आणि हातात गोळ्यांची चिठ्ठी.
नऊ वर्षं मी त्यांना समुद्र दाखवला नाही.
डबा दिल्यापासून झोप नव्हती, ती साखरेपायी नाही.
असतील का अजून?

काल ओरिआना कागद घेऊन आली.
सतरा नंबर: आहेत.
थोडे आहेत, उपाशी आहेत, पण आहेत.
मग बरंच काही वाचलं तिनं:
तीन महिने रोज खायचं, मग पुन्हा डबा.
मागच्या गावात चोवीस जणांपैकी
नऊ जणांची साखर जागची हललीच नाही.
आणि गोळ्या सोडायच्या नाहीत, एदुविना, ऐकताय ना?

ऐकत होते.
रात्री भिजत घातलेला कोचायुयो
सकाळी पातेल्याबाहेर आला होता.
चिरून सगळाच रश्शात टाकला.
इल्दा म्हणाली, एवढा कशाला,
कुणी जेवायला येणार आहे का?

म्हटलं, आहेतच.
तू बटाटे सोल.