कोणता घेऊ?

तीन मिनिटांचं करून दे, म्हणाल्या दोन्या इर्मा,
आणि काउंटरवर फोन ठेवला, काच तडकलेली,
शेजारी कालाफातेच्या जॅमची बरणी. ही आगाऊ रक्कम.
बाहेर पुन्ता आरेनासचा वारा
कोपऱ्यावर बांधलेल्या दोराला
माणसं धुण्यासारखी फडफडवत होता.

फोनात अकरा हजार चारशे फोटो.
मी काही सगळे बघत नाही. कुणीच बघत नाही.
एक बटण दाबलं की यंत्र आपलं आपण पाखडतं:
हसरे चेहरे ठेवायचे, मिटलेले डोळे उडवायचे,
सूर्यास्त असला तर विचारायचंसुद्धा नाही.
सुपात उरलं ते हे:
पेंग्विन, नातीचा पहिला दात, केकवरच्या मेणबत्त्या,
सामुद्रधुनीवर चार निरनिराळ्या संध्याकाळी,
आणि रामिरो, साडेतीन सेकंद,
फेरीबोटीच्या कठड्याशी, उन्हानं कपाळाला आठ्या.
खाली मी पियानो सोडला.
पियानो कुणालाही रडवतो.

त्या रडल्या नाहीत.
"हे कुणाचं?" म्हणाल्या.
मला वाटलं, नजर गेली असेल. म्हटलं, तुमचंच.
"आमच्याकडे एवढं ऊन कधी पडलं?"

मग स्टूल ओढून बसल्या, चष्मा पुसला,
आणि यंत्रानं उडवलेल्या कोंड्यात हात घातला.

गॅसचा मीटर, शून्य चार आठ एक सात.
सुपरमार्केटची फळी, साबणाचे दोन डबे,
एका कोपऱ्यात रामिरोचा अंगठा.
खाली निरोप: कोणता घेऊ?
तळहातावर दोन वायसर, नळासाठी. कोणता घेऊ?
त्यांच्याच पाठीवरचं पुरळ, डॉक्टरला पाठवायला.
(हे नको, म्हणाल्या. मग म्हणाल्या, बघू.)
इस्पितळाच्या तळघरातला खांब,
गाडी कुठे लावली ते विसरू नये म्हणून:
ब बारा. पुढच्या मंगळवारी ब नऊ.
असे सात मंगळवार.
मधेच लोकरीचे दोन गुंडे, एक करडा आणि दुसरा करडाच.
कोणता घेऊ?

"एकेचाळीस वर्षांत
या माणसानं आपल्या मनानं एक साबण आणला नाही."
तक्रारच होती. सूर तरी तक्रारीचा होता.

काही मी गाळायला बघितले.
हा हललाय, म्हटलं.
"बोट हलत होती."
आणि हा? हा तर नुसता काळा,
चुकून बटण दाबलं गेलेला.
त्यांनी फोन तोंडाजवळ नेला,
दार किलकिलं करून बघावं तसं बघितलं.
"खिसा आहे," म्हणाल्या. "निळ्या कोटाचा. राहू दे."

पियानो काढायला लावला.
काय घालू, विचारलं, तर म्हणाल्या,
वारा आहे की.

शनिवारी गल्लीच्या सभागृहात लावलं,
पत्र्याखाली, भिंतीवर चादर ताणून.
आधी लोक हसले. मीटर बघून कुणीतरी टाळी वाजवली.
साबणाची फळी आली तेव्हा मागच्या बाकावरून
म्हातारा वुकासोविच ओरडला: डावीकडचा!
"डावीकडचा फेस देत नाही," दोन्या इर्मा, वळून न बघता.
मग सगळेच सुटले.
वायसरवरून दोन भाऊ खरेच भांडले.
करडा, करडा, अख्खं सभागृह करड्यावर ठाम.
खांबांना मात्र कुणी काही बोललं नाही.
ब बारा. ब नऊ. ड चार.

मग काळं झालं.
मी पाच सेकंद ठेवलं होतं,
तिथे बसून ते पंचवीस वाटलं.
वर पत्रा धडधडत होता.
दिवे गेले का, कुणीतरी हळूच विचारलं.

नाही, म्हणाल्या दोन्या इर्मा.
थांबा जरा.