फागोजीच्या कलालीतलं पाणी

पाचपावलीच्या फाटकाअलीकडं, जिथं आता लोखंडी कपाटं विकतात,
तिथं फागोजी कलाराची कलाली होती.
दोन बाकडी, एक कंदील, मोहाच्या वासानं ओली भित,
अन् मी. गिलास धुवायचो.
इटारसीच्या गाडीतून कोणीतरी उतरवून गेलं होतं म्हणे मले.
नाव फागोजीनं ठेवलं, सखरू.
बाकी काहीच ठेवलं नाई.

भोंगा वाजला का मिलचे लोकं येत,
केसात कापूस, कानात साच्यांचा खडखडाट,
म्हणून सारे ओरडूनच बोलत.
घरचा माग विकून मिलीत लागलेला डोमाजी हेडाऊ.
हबीब मोमीन, जो पीत नसे, नुसता बसे.
अन् पैकू रामटेके, बाहेर ओट्यावर.
ओटा त्याचा, हे कोणी न सांगताच ठरलेलं.
पण पेपर तोच वाचे, चौथी शिकलेला,
अन् आतले सारे दाराकडं सरकत सरकत ऐकत:
कुठं झेंडा निघाला, कुठं लाठी चालली, रुईचा भाव काय.
कोणी मधेच विचारे,
"यात आपलं काही आहे का रे, पैकू?"
"अजून नाई," म्हणून तो पान उलटवे.

मग एक दिवस होतं.
रुपयामागं दोन आणे कमी.
त्या रात्री ठरलं, मिल बंद.
अन् हेही ठरलं का फैसला होईस्तोवर कोणी थेंब घ्यायचा नाई,
नाईतर दुसऱ्याच हप्त्यात बायकांची भांडी जातील.
दारूच्या दुकानात बसून ठरलं हे.
फागोजीनं पिंपाले बुच ठोकलं. बोलला काहीच नाई.

पण बसायचं कुठं?
देवळात पैकू चालत नाई,
मशिदीत डोमाजी जात नाई,
चौकात शिपाई.
तं सारे येऊन बसले तिथंच.

बोलून बोलून घसा सुकतेच.
फागोजीनं माठ मांडला,
अन् सारी कलाली गप्प.
एवढी वर्सं एकाच पिंपातून साऱ्यायची निघे,
कोणी काही पुसलं नाई.
मोहाले जात नसते. पाण्याले असते.
अन् त्या घरात पहिल्यांदाच
माणसं शुद्धीवर होती.

डोमाजीनं माठाकडं पाहिलं, पैकूनं डोमाजीकडं.
कोणीतरी म्हणलं, "पोट्ट्याले वाढू द्या."
माही जात कोणालेच ठाऊक नव्हती.
न पुसायचा ठराव त्यायनं त्या रात्री केला,
हात वर न करता.
मी गिलास भरले. आत पितळी, ओट्यावर मातीचे.
तिसऱ्या रात्री मातीचे फुटले.
खरं सांगतो, मीच फोडले.
कोणी विचारलं तं हात ओला होता म्हणलं.

नवव्या रात्री आबकारीचा जमादार आला.
वहीत विक्री शून्य, अन् दुकानात चाळीस माणसं.
दारू पीत असते तं सलाम घेऊन गेला असता.
पाण्यावर एवढी गर्दी, म्हणे, लायसनात बसत नाई.
कंदिलाखाली पंचनामा:
माठ एक. पितळी गिलास अकरा. पोरगा एक.
"नाव?"
"सखरू."
"जात?"
मी फागोजीकडं पाहिलं. फागोजी बुचाकडं पाहून राह्यला होता.
ओट्यावरून पैकू म्हणाला,
"लिहा ना साहेब, गिलास धुणारा."
जमादारानं लिहिलं बी. त्याले झोप येऊन राह्यली होती.

लायसन गेलं.
संप सव्वीस दिवस चालला, दोन आण्यातला एक वापस आला.
डोमाजी दुसऱ्या कलालीत जाऊ लागला,
तिथंही ओटा वेगळाच होता.
पैकूचं मले पुढचं माहीत नाई.

परवा त्या कपाटाच्या दुकानात गेलो होतो, उगाच, भाव विचारायले.
मालकाच्या पोरानं पाणी दिलं.
पिलो, अन् मोरीवर जाऊन गिलास धुऊन आणला.
"राहू द्या ना बाबा," तो म्हणे,
"आमच्याकडं माणूस आहे त्याले."