दुसरा ढीग

चिवड्याचा रिकामा डबा होता, स्टीलचा,
कितीही घासला तरी हळदीचा वास न गेलेला.
त्यात बोरजाईच्या एकशेअठरा लेकरांची नावं.
घडी सगळ्यांची सारखी.
सर म्हणाले होते, घडीतही भेद नको,
बोटांना कळतं.

जागा एकोणसाठच. पैसे तेवढेच होते.

डबा उघडण्याआधी
गुरुजी बाजूला घेऊन म्हणाले, हुशार आहेत ती घ्या, चीज होईल.
उपसरपंच म्हणाले, तांड्यावरची आधी, त्यांना कुणी नाही.
अंगणवाडीच्या खिल्लारेबाईंनी तर यादीच आणली होती,
खरोखर चांगली यादी.
मलाही एक नाव घ्यायचं होतं. तोतरी होती ती.
सगळ्यांचं बरोबर होतं,
म्हणूनच कुणाचं ऐकायचं नव्हतं.

कारण मी निवडली असती,
तर दोन वर्षांनी घडाघडा वाचणारं पोर बघून
मला कधीच कळलं नसतं,
हे संध्याकाळच्या शिकवणीनं केलं
की माझ्या नजरेनं आधीच हेरलं होतं.

पाच वर्षांचा मुंजाजी, अक्षरओळख नाही,
शेंबूड पुसून त्यानं डब्यात हात घातला.
एक इकडे. एक तिकडे.

रात्री कळमनुरीच्या लॉजवर मी दोन्ही ढीग ताडून पाहिले.
वय, हजेरी, घरात दिवा किती वाजेपर्यंत,
ऊसतोडीला गेलेले बाप:
एकोणीस इकडे, वीस तिकडे.
आणि जे मी विचारलंच नव्हतं,
कुणाला अंधाराची भीती, कुणाचा मामा गोष्टी सांगतो,
तेही बहुधा असंच वाटलं गेलं असणार,
माझ्या नकळत, माझ्याशिवाय.
त्याचं नवल करत बराच वेळ जागी राहिले.

जमुनाबाई राठोडची रेणुका दुसऱ्या ढिगात.
चौथ्यांदा गेले तिच्याकडे, तेच सेहेचाळीस प्रश्न घेऊन.
तिनं चहा टाकला, मग विचारलं,
"आमाला देयाचं काहीच न्हाई, मंग इचारता कामून?"
मी तुलना गट सांगितला,
खत घातलेला तास आणि न घातलेला तास सांगितला.
ती म्हणाली, "म्हंजे आमच्या घरी जे झालं न्हाई
ते लिव्हायला येता तुमी."
इतकं नेमकं मला विद्यापीठातही
कुणी सांगितलं नव्हतं. चहा निवून गेला.

आणि आत रेणुका कॅलेंडरची मागची बाजू वाचत होती.
अडखळत, पण जोडाक्षरांसकट.
अंजुम शिकवते म्हणे, पहिल्या ढिगातली,
हापशावर, घागर भरेपर्यंत एक ओळ.
टॅबवर रकाना होता: शिकवणीशी संपर्क. हो. नाही.
बोट जरा थांबलं.
मग "हो" दाबलं.
आता फरक पुसट दिसेल, सर चिडतील.
हापशाला काय माहीत कोण कुठल्या ढिगातलं.

निघताना मुंजाजी दिसला पारापाशी, सात वर्षांचा.
मला बघून चिंचेमागे गेला.
आया त्याला अजून म्हणतात,
तुझ्याच हातानं गेलं माझ्या लेकराचं.
मी उकिडवी बसले त्याच्यापुढे. म्हटलं,
तू नाही रे निवडलंस कुणाला.
म्हणून तर तुला बोलावलं होतं.

त्याला पटलं नाही.
तो आपल्या उजव्या तळहाताकडे बघत राहिला.